झांबिया : लुआंग्वाच्या काठानं नऊ दिवस

आफ्रिकेतलं जंगल पाहायला निघालेला मराठी माणूस बहुतेक वेळा केनियाला किंवा टांझानियाला जातो. झांबियाचं नाव यादीत उशिरा येतं, आणि आलं तरी व्हिक्टोरिया धबधब्यापुरतं. या देशाला समुद्र नाही. अंगोला, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, टांझानिया, मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे, बोत्सवाना आणि नामिबिया असे आठ शेजारी त्याला वेढून आहेत. क्षेत्रफळ ७,५२,६१४ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट. लोकवस्ती मात्र दोन कोटींच्या आसपास. २४ ऑक्टोबर १९६४ला स्वतंत्र होईपर्यंत हा उत्तर ऱ्होडेशिया होता.

इथे येण्याचं एकच कारण सांगायचं तर ते म्हणजे जंगलात पायी फिरणं. सिंह, हत्ती आणि रानरेडे मोकळे असलेल्या रानात बंदूकधारी वनरक्षकाच्या मागोमाग तीन-चार तास चालायचं, ही पद्धत पाहुण्यांसाठी याच देशातल्या लुआंग्वा खोऱ्यात रुजली. त्यामुळे पुढचा सगळा मार्ग चालण्याभोवती आखलेला आहे.

तिकिटाआधी महिना ठरवा. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस असतो आणि लुआंग्वाची काळी चिकणमाती गाडीला फिरू देत नाही. मे ते ऑगस्ट कोरडं आणि गार असतं. जून-जुलैच्या पहाटे उघड्या जीपमध्ये कानटोपी आणि हातमोजे लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन तापतं, पाणवठे आटतात आणि प्राणी नदीकाठी एकवटतात. ऑक्टोबरच्या दुपारी पारा चाळिशी गाठतो, म्हणून आम्ही सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडला.

पहिला दिवस : लुसाका

मुंबईहून थेट विमान नाही. अदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबई इथे बदलावं लागतं. घड्याळ साडेतीन तास मागे घ्यायचं. राजधानी लुसाका सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा जरासंच कमी, त्यामुळे दुपारच्या उन्हातही हवा हलकी वाटते. सप्टेंबरात शहरभर नीलमोहर फुललेला असतो आणि पदपथावर जांभळा सडा पडलेला असतो.

पीतज्वराच्या लशीचा हिशोब परतीच्या प्रवासासाठी करायचा असतो. इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचे देश आहेत. तिथे विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि हातात पिवळं प्रमाणपत्र नसलं, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. विमान चुकून हॉटेलात रात्र काढावी लागणं सहज शक्य असतं, तेव्हा लस घेऊनच निघावं. ती सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, आगाऊ वेळ घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत टाळाटाळ नको. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि तिच्यामुळे उन्हात त्वचा लवकर भाजते. कोणती घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवावं. घरी आल्यावर काही आठवड्यांनी ताप आला तरी 'आफ्रिकेत जाऊन आलो' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावं.

विमानतळावर सिमकार्डासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. ओळखीची पाटी दिसते ती एअरटेलची. ही भारतीय कंपनी इथे २०१०पासून आहे. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि न फाटलेल्या हव्यात. जुन्या किंवा पेन लागलेल्या नोटा दुकानदार परत करतात. स्थानिक चलन क्वाचा. या शब्दाचा अर्थ पहाट.

रात्रीचं जेवण साध्या खानावळीत. आधी एका बाईनं तांब्यातलं पाणी हातावर ओतलं, खाली घंगाळं धरलं, मगच ताट आलं. ताटात न्शिमा, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. उजव्या हातानं गोळा तोडायचा, तळव्यात वळायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्यात कालवण उचलायचं. भाकरी-पिठल्यावर वाढलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही. कालवणाला न्यांजा भाषेत न्दिवो म्हणतात. शाकाहारी माणसानं इफिसाशी मागावी: भोपळ्याचा किंवा रताळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवतात. दाण्याचं कूट घातलेल्या आपल्या पालेभाजीची ही सख्खी बहीण आहे. भेंडीला इथे डेलेले म्हणतात आणि ती खाण्याचा सोडा घालून मुद्दाम बुळबुळीत करतात. 'मांस नाही' एवढंच सांगून भागत नाही, 'मासळीही नाही' असं वेगळं सांगावं, कारण कापेंटा नावाची सुकी मासळी इथे मांसात मोजत नाहीत. चिकांडा नावाची वडी शेंगदाणे आणि जंगली ऑर्किडच्या कंदांची असते. चव चांगली असते, पण तिच्यासाठी कंद मुळासकट उपसले जातात, म्हणून आम्ही ती मागवली नाही.

दुसरा दिवस : लुसाका ते म्फुवे

सव्वा तासाचं छोटं विमान. सामान पंधरा किलोच्या आत आणि मऊ पिशवीत हवं. चाकांची कडक बॅग या विमानांच्या पोटात बसत नाही. जादा सामान लुसाकाच्या हॉटेलात ठेवता येतं. रस्त्यानं यायचं तर चिपाटामार्गे पुरा दिवस जातो.

म्फुवे विमानतळापासून उद्यानाच्या फाटकापर्यंत अर्धा-पाऊण तास कुंदा लोकांच्या वस्तीतून रस्ता जातो. सायकलीवर कोळशाची पोती, आंब्याच्या सावलीत शाळा, चितेंगे नेसलेल्या बाया. चितेंगे हे दोन मीटर छापील सुती कापड: नेसायला, मूल पाठीशी बांधायला, डोक्यावरच्या ओझ्याची चुंबळ करायला. गाडी थांबली की आधी 'मुली ब्वांजी?' म्हणायचं, म्हणजे कसे आहात. उत्तर 'ब्विनो'. आभार मानताना 'झिकोमो' म्हणतात आणि दोन्ही तळवे पोकळ धरून हलकी टाळी वाजवतात. अभिवादन न करता थेट रस्ता विचारणं इथे उद्धटपणाचं समजतात.

साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान ९,०५० चौरस किलोमीटरचं आहे, दर्जा १९७२चा. लुआंग्वा नदीवर मोठं धरण नाही, म्हणून दर पावसाळ्यात ती काठ खाते, वळण तोडते आणि जुनं पात्र मागे तळं म्हणून सोडून देते. प्राणी इथे दाट आहेत ते या तळ्यांमुळे. राहण्याच्या जागा दोन प्रकारच्या. पूर्वेच्या काठावर, उद्यानाबाहेर, तंबूच्या साध्या मैदानापासून लॉजपर्यंत सगळं मिळतं आणि रोज पुलावरून आत जायचं. उद्यानाच्या आतल्या छोट्या कॅम्पांना बरंच जास्त पैसे पडतात. ते गवत-बांबूचे कॅम्प पावसाआधी मोडतात आणि दर मे महिन्यात पुन्हा उभारतात. मिठापासून डिझेलपर्यंत सगळं ट्रकनं आणावं लागतं. किंमत त्यामुळे चढते. बजेट आखूड असेल तर चार रात्री बाहेर राहून एक-दोन रात्रीच आत काढाव्यात. आमचा सल्ला असा की पैसे खोलीच्या थाटावर न घालता आतल्या रात्रींवर घालावेत.

कुठेच कुंपण नसतं. अंधार पडल्यावर खोलीतून जेवायला जायचं असेल तर पहारेकऱ्याला बोलवायचं, एकट्यानं उंबरठा ओलांडायचा नाही. खोलीत फळं ठेवायची नाहीत, हत्तीला संत्र्याचा वास फार लांबून येतो.

संध्याकाळची फेरी चार ते आठ. सहाच्या आत सूर्य बुडतो, नदीच्या वाळूवर चहा होतो आणि मग मदतनीस हातदिवा घेऊन बोनेटजवळ बसतो. रात्रीची फेरी झांबियात रीतसर चालते; आफ्रिकेतल्या अनेक राष्ट्रीय उद्यानांत तिला बंदी आहे. दिवा सतत डावी-उजवीकडे फिरतो आणि डोळे चमकले की थांबतो. चांगला मदतनीस इम्पाला किंवा पुकू जातीचं हरीण दिसताच दिवा चटकन दुसरीकडे वळवतो. दिवसा वावरणारे ते प्राणी झोतानं आंधळे होतात आणि अंधारातल्या शिकाऱ्याला आयते सापडतात. तुमचा मदतनीस असं करत नसेल तर बोलायला संकोचू नका. त्या रात्री एक जवादी मांजर, दोन साळिंदरं, रस्त्यावर बसलेले रातवे आणि शेवटच्या वळणावर एक बिबळी मादी दिसली. लुआंग्वा बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे ते खरंच.

तिसरा दिवस : नदी आणि वेडे राघू

पाचला हाक, साडेपाचला शेकोटीशेजारी मक्याची लापशी, सहाला गाडी. दहाला परत, अकराला जेवण, मग साडेतीनपर्यंत विसावा. हे वेळापत्रक जगभरच्या सफारींचंच आहे, पण सप्टेंबरात ते पाळलं नाही तर डोकं दुखतं. माणशी तीन लिटर पाणी आणि मीठ-साखर-पाण्याची पाकिटं जवळ हवीत.

सकाळी जिराफ दिसले. डाग गडद, पण गुडघ्याखाली पाय पांढरे. हा थॉर्निक्रॉफ्टचा जिराफ. जगात फक्त या खोऱ्यात आहे. झेब्राही वेगळा: क्रॉशेच्या झेब्र्याचे पट्टे अरुंद, आणि त्यांच्या मधल्या पांढऱ्यात फिकट सावलीचे पट्टे नाहीत. इथे गेंडा मात्र शोधू नका. काळा गेंडा शिकारीपायी झांबियातून संपला आणि १९९८ साली तसं जाहीर झालं. २००३पासून उत्तर लुआंग्वात पुन्हा आणून सोडले आहेत. 'बिग फाइव्ह'ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) यादी घेऊन येणाऱ्यानं एवढं आधीच मनाशी ठरवून यावं.

दुपारनंतर नदीचा उभा तुटलेला काठ. आपला हिरवा वेडा राघू डोळ्यांसमोर आणा, तो मैनेपेक्षाही लांब करा आणि अंगभर किरमिजी रंग द्या: हा दक्षिणी किरमिजी वेडा राघू. पाऊस सुरू होण्याआधी हे शेकड्यांनी येतात आणि मातीच्या भिंतीत खोल बिळं कोरतात. काठाला धार असते तोवरच बीळ सुरक्षित, म्हणून नदीनं दर वर्षी ताजा काठ तोडणं त्यांच्या गरजेचं. वरून मत्स्यगरुड गेला की सगळी भिंत एकदम हवेत उडते. छायाचित्रासाठी सकाळचं किंवा तिसऱ्या प्रहरानंतरचं तिरपं ऊन पाहिजे आणि गाडी भिंतीच्या कडेला न नेता समोरच्या वाळूकडून पाहावं, कड ढासळते.

खालच्या डोहात पाणघोडे अंगाला अंग लावून बसलेले. नदी आटते तशी त्यांची दाटी वाढते आणि भांडणं वाढतात. त्यांची हाक म्हणजे जाड घशातलं हसणं. रात्रभर ती ऐकू येते. डोहावर पांढऱ्या-काळ्या पंखांचा कवड्या खंड्या हवेत एकाच जागी फडफडत होता. हा आपल्याकडच्या तळ्यांवर दिसतो तोच, जातही तीच.

त्से-त्से ही डसणारी माशी नदीकाठी कमी आणि मोपाने झाडांच्या रानात जास्त असते. गडद निळा आणि काळा रंग तिला खेचतो; उद्यानात टांगलेले निळे-काळे कापडी सापळे तिच्यासाठीच असतात. जीन्स घरी ठेवा. डासांचं मलम तिच्यावर फारसं चालत नाही, जाड कापडाची लांब बाहीच कामाची. लष्करी छापाचे कपडेही नकोत, सामान्य माणसानं ते घालणं झांबियात बेकायदा आहे.

चौथा दिवस : चालणं

आतल्या कॅम्पवर मुक्काम हलवला आणि पहाटे सहाला पाऊल उचललं. रांग ठरलेली असते. पुढे राष्ट्रीय उद्यान विभागाचा बंदूकधारी स्काउट, मग वाटाड्या, मग पाहुणे, आणि शेवटी पाठीवर किटली-कप घेतलेला चहावाला. पाहुणे सहा-सातच्या वर घेत नाहीत. पायी नेणाऱ्या वाटाड्याला गाडीवरच्या वाटाड्यापेक्षा वेगळी, कडक परीक्षा असते. लहान मुलांना नेत नाहीत, बहुतेक कॅम्पांची मर्यादा बारा वर्षांची आहे.

निघण्यापूर्वीच्या सूचना थोड्या आणि ठाम होत्या. एका रांगेत चाला. बोलायचं असेल तर टिचकी किंवा हलकी शीळ. वाटाड्याची मूठ वर गेली की जिथे आहात तिथे थांबा. काहीही झालं तरी पळू नका, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणं हा शिकारी प्राण्याचा स्वभाव आहे. कपडे खाकी, शेवाळी किंवा मातकट; पांढरी टोपी उन्हात फर्लांगभरावरून दिसते. बूट नवे नकोत. पाणघोड्यांच्या पावलांनी चिखलात पडलेले आणि उन्हानं दगड झालेले खळगे घोटा मुरगळायला पुरेसे असतात.

वाटाड्याच्या हातात राखेनं भरलेला जुना मोजा होता. दर काही मिनिटांनी तो झटकायचा आणि राख कुठे वाहते ते बघायचा. पायी चालताना दिशा वारा ठरवतो. वारा समोरून असेल तर म्हशीसारखं नाक असलेला रानरेडाही चाळीस पावलांवर चरत राहतो. वारा फिरला की अर्ध्या किलोमीटरवरचा कळप उठतो.

पहिला तासभर मोठा प्राणी एकही नव्हता, आणि तोच तास सर्वांत भरगच्च ठरला. जमिनीवर पांढऱ्या खडूसारखी विष्ठा: तरसाची. हाडं चावून खाल्ल्यानं त्यातला चुना उतरतो, आणि कासवं ती चुन्यासाठी कुरतडतात. एका ठिकाणी गोमांच्या कड्यांनी भरलेला ढीग: जवादी मांजराचं ठरलेलं शौचस्थान. पंजाचा ठसा पाहून वाटाड्यानं विचारलं, कोण? नखं उमटलेली नव्हती आणि मागच्या गादीला तीन पाळ्या होत्या, म्हणजे मांजरकुळातलं. तरसाची नखं नेहमी उमटतात. मग हत्तीचा पुढचा पाय. त्यानं वेलीचा तुकडा ठशाच्या कडेनं फिरवला, तीच लांबी दुप्पट केली आणि हात वर धरून दाखवला: एवढी खांद्याची उंची. हा ठोकताळा आपल्या हत्तीलाही लागू पडतो.

झाडंही अशीच वाचायची असतात. मोपानेचं पान फुलपाखरासारखं दुभंगलेलं. भर उन्हात ते मिटून कडेवर उभं राहतं, म्हणून मोपानेची सावली दुपारी नाहीशी होते. तिथे थांबू नये. शिवाय घामाच्या शोधात डोळ्यात शिरणाऱ्या इवल्या, न डसणाऱ्या मोपाने-माश्या तिथेच असतात. कायजेलियाच्या फांद्यांना दोरीवर टांगल्यासारखी हातभर लांब फळं लोंबतात. त्यांच्या छत्रीखाली तंबू ठोकू नये, एकेक फळ काही किलोंचं असतं. सप्टेंबरात त्याची गर्द लाल फुलं गळतात, खाली इम्पाला ती वेचतात आणि वर फांदीवर कधीकधी बिबट्या वाट बघत असतो. गोरखचिंचेच्या खोडावर हत्तींनी सोललेले पट्टे. आणि वारुळाच्या कडेला चक्क आपली चिंच. चिंच मूळची आफ्रिकेचीच, आपल्याकडे ती फार पूर्वी आली. माहेरच्या झाडाखाली उभं राहून आम्ही एक बोटूक चाखलं. आंबटपणात फरक नव्हता.

दुसऱ्या तासात पक्ष्यांनी सावध केलं. रानरेड्याच्या पाठीवरच्या गोचिडी वेचणारे ऑक्सपेकर चरचरत उडाले आणि स्काउट थबकला. झुडपात एकटा म्हातारा रेडा होता. अशा एकांड्या रेड्याला इथे काकुली म्हणतात. कळपातला रेडा कळपाबरोबर पळतो, काकुलीला मात्र कळपाचा आधार नसतो आणि तो लपून राहतो, म्हणून पायी चालणाऱ्याला त्याचीच धास्ती अधिक. वाटाड्यानं हातानं खूण केली, आम्ही आल्या पावली मागे सरलो आणि मोठा वळसा घेतला. बंदूक खांद्यावरून खाली आली नाही. ती न वापरता परत आणणं हेच त्यांचं कसब, आणि चांगला कॅम्प निवडताना हेच विचारावं: तुमचे पायी नेणारे वाटाडे किती वर्षं या खोऱ्यात आहेत?

तळ्याकाठी चहा झाला. पाणघोडा पाण्याबाहेर असेल तर तो आणि पाणी यांच्यामध्ये कधी उभं राहायचं नाही, हे तिथे दुसऱ्यांदा सांगण्यात आलं. चालणं सात किलोमीटरचं झालं, साडेतीन तास लागले.

पाचवा दिवस : न्सेफू

नदीच्या पूर्वेचा न्सेफू विभाग. १९५०मध्ये नॉर्मन कार या वन्यजीव अधिकाऱ्यानं कुंदांचे ज्येष्ठ प्रमुख न्सेफू यांना पटवलं की प्राणी पाहायला येणाऱ्यांच्या पैशातला वाटा गावाला मिळावा. प्रमुखांनी जागा दिली, गवती झोपड्या उभ्या राहिल्या आणि पाहुण्यांना पायी नेणं सुरू झालं. त्या काळी आफ्रिकेत सफारी म्हणजे शिकार. प्राणी जिवंत राहिल्यानं गावाचा फायदा होतो, हा हिशोब तेव्हा इथे मांडला गेला.

हिशोब अजून पूर्ण जुळलेला नाही. मांसासाठी लावलेले तारेचे फास ही इथली मोठी जखम आहे. फास इम्पालासाठी लावतात, अडकतात रानकुत्री आणि हत्तीची पिल्लं. कॉन्झर्वेशन साउथ लुआंग्वा आणि झांबियन कार्निव्होर प्रोग्राम या संस्था गस्त, फास काढणं आणि जखमी प्राण्यांवर उपचार ही कामं करतात. म्फुवेत फासांच्या जप्त तारेपासून स्थानिक बाया दागिने घडवतात. आठवण म्हणून काही आणायचं तर ते आणावं, त्यातले पैसे नेमक्या जागी पोचतात.

सायंकाळी मुकुटधारी क्रौंच थव्यानं मिठागराकडे उतरले आणि अंधार पडताच तरसांनी हाका सुरू केल्या.

सहावा आणि सातवा दिवस : लोअर झांबेझी

छोट्या विमानानं दक्षिणेला. लोअर झांबेझी राष्ट्रीय उद्यान १९८३चं, ४,०९२ चौरस किलोमीटरचं. पलीकडच्या काठावर झिंबाब्वेचं माना पूल्स राष्ट्रीय उद्यान. मागे डोंगराची उंच भिंत, पुढे नदी, मध्ये अरुंद सपाटी. इथे जिराफ नाहीत. हत्ती मात्र भरपूर आहेत आणि ते विंटरथॉर्नच्या झाडांखाली दिवस काढतात. हे झाड उलट्या पंचांगाचं: पावसात पानं गाळतं, कोरड्या दिवसांत हिरवं होतं आणि रान सुकलेलं असताना वेटोळ्या शेंगा टाकतं.

इथली खासियत होडी, म्हणजे दोन माणसांची कनू. पुढे वाटाड्याची होडी, मागे पाहुण्यांच्या. पहाटेच निघायचं, कारण या महिन्यांत दुपारी वारा उठतो आणि पाण्यावर लाटा येतात. पाणघोड्यांचे नियम पुन्हा वेगळे. घाबरलेला पाणघोडा खोल पाण्याकडे धाव घेतो, म्हणून होडीनं उथळ काठ धरायचा आणि खोल वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवायची. आंधळ्या वळणावर वल्हं होडीच्या कडेवर ठोकायचं, म्हणजे तो वर येऊन आपण कुठे आहोत ते बघतो. सगळी डोकी वर दिसेपर्यंत थांबायचं. हात पाण्यात घालायचा नाही, मगरी आहेत. होडीची आधी सवय नसेल तर मुख्य प्रवाहापेक्षा आतला फाटा मागावा. दोन्ही काठ जवळ असतात आणि हत्ती सोंडेचा श्वासनळीसारखा उपयोग करत आडवे पोहत जातात. आम्ही वल्ही उचलून धरली, चार हत्ती पुढून गेले, पाठीवरचं पाणी निथळत समोरच्या वेतात शिरले.

कॅमेरा जलरोधक पिशवीत आणि पिशवी होडीला बांधलेली हवी. वीज बहुधा सौर असते. रात्री विजेवरची कोणतीही मोठी वस्तू चालेल असं धरू नये. प्लग बहुतेक ठिकाणी इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पिनांचे.

बक्षिशीचा रिवाज आहे. वाटाड्याला वेगळी आणि बाकी कर्मचाऱ्यांसाठी सामाईक पेटीत टाकावी. पेटीत टाकलेलं स्वयंपाक्यापर्यंत आणि कपडे धुणाऱ्यापर्यंत जातं.

आठवा आणि नववा दिवस : लिव्हिंग्स्टन

लुसाकामार्गे विमानानं लिव्हिंग्स्टन. व्हिक्टोरिया धबधब्याचं इथलं नाव मोसी-ओआ-तुन्या, गरजणारा धूर. रुंदी १,७०८ मीटर, उंची १०८. डेव्हिड लिव्हिंग्स्टननं नोव्हेंबर १८५५मध्ये पाहिला आणि राणीचं नाव दिलं.

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो आणि त्याचं कारण महिन्यात असतं. पाणी एप्रिलच्या सुमाराला शिगेला असतं. सप्टेंबरच्या अखेरीला झांबियाच्या बाजूची धार विरळ होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वेकडचा कडा जवळजवळ कोरडा दिसतो. पाणी तेव्हा झिंबाब्वेच्या बाजूला असतं. पूल ओलांडून तिकडे जायचं तर झांबियाचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा, नाहीतर परत येताना सीमेवर अडकाल. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही सरकारांची संकेतस्थळं त्याच आठवड्यात वाचावीत. चालण्याची सफारी आणि भरलेला धबधबा एकाच प्रवासात हवे असतील तर जूनचा उत्तरार्ध ही तडजोड बरी. तेव्हा पाणी पुष्कळ असतं आणि आतले कॅम्पही उघडलेले असतात. वेडे राघू मात्र हुकतात.

कोरड्या कड्याचा एक फायदा सांगायला हवा. पाण्याचा पडदा बाजूला झाला की खडक दिसतो: काळा, थरांचा, उभ्या भेगांचा बेसॉल्ट. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढलेल्या डोळ्यांना तो लगेच ओळखू येतो. हे लाव्हाचे थर सुमारे अठरा कोटी वर्षांचे, म्हणजे दख्खनच्या कातळाहून कितीतरी जुने. त्यांच्यातल्या आडव्या भेगा नदीनं एकामागून एक कोरल्या आणि धबधबा मागे मागे सरकत गेला. खालच्या नागमोडी घळी म्हणजे त्याच्या जुन्या जागा. १९०५चा लोखंडी रेल्वेपूल अशाच एका घळीवर आहे.

खाण्याची पिशवी हातात घेऊन पायवाटेवर जाऊ नका, बबून ती हिसकावतात आणि त्यांच्याशी ओढाताण करायची नसते. दुपारी १९३४पासूनच्या लिव्हिंग्स्टन संग्रहालयात तास-दोन तास घालवावेत, ऊन टळतं.

शेवटच्या सकाळी सहाला फाटक उघडल्याबरोबर कड्यासमोर पोचलो. एका टोकाला दोन-चार पांढऱ्या दोऱ्या पडत होत्या, उरलेल्या काळ्या भिंतीवर ऊन चढत होतं. शेजारी झाडू मारणाऱ्या बाईंनी हात थांबवून सांगितलं, की एप्रिलमध्ये इथे रेनकोट भाड्यानं घ्यावा लागतो, चश्म्यावर पाणी साचतं आणि समोर धुराशिवाय काही दिसत नाही. मग त्यांनी भिंतीतल्या एका खोबणीकडे बोट केलं. तिथे ससाण्याची जोडी बसली होती.